आधी वजनकाटा, मग सिरिंज

(दृश्य : वॉर्डातला वजनकाटा. ७८ वर्षांच्या आजी सिस्टरचा हात धरून चढतात. काटा ४० वर थांबतो.)

चाळीस किलो. केसपेपरवर पन्नास होतं, नातेवाइकांना विचारून लिहिलेलं.

डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) मांडीच्या शिरेत गुठळी दिसली आणि औषध ठरलं एनोक्सापॅरिन, गुठळी वाढू न देणारं इंजेक्शन. नेहमीचा हिशेब किलोमागे १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. त्याच जातीचं साधं हेपॅरिन चालू असेल तर एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) बघून ठिबक कमीजास्त करता येतं. इथे तशी रोजची तपासणी नसते. म्हणजे वजन चुकलं, की ती चूक पुढे पकडणारं कुणी नाही.

(दृश्य : लॅबचा रिपोर्ट, क्रिएटिनिनच्या ओळीवर बोट.)

क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा, १.४. आकडा तसा घाबरवणारा नाही. पण वय, वजन आणि हा आकडा कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात घाला : क्लिअरन्स, म्हणजे किडनीचा रक्त गाळायचा वेग, मिनिटाला जेमतेम २१ मिलिलिटर. म्हणजे वजन इथेही लागलंच! औषध बाहेर पडतं मुख्यतः किडनीवाटे. क्लिअरन्स ३० च्या खाली गेला की ते अंगात साठतं. म्हणून आजींना ४० मिलिग्रॅम, २४ तासांतून एकदाच.

(क्लोज-अप : कंपनीतून भरूनच आलेली सिरिंज, आत हवेचा बुडबुडा.)

हा बुडबुडा काढायचा नाही. सवयीनं सिरिंज उभी धरून दट्ट्या दाबला, की हवेबरोबर औषधही जातं. इथे ४० ची पूर्ण सिरिंज द्यायची आहे. ७० मिलिग्रॅम हवं असेल, तर ८० ची खुणांची सिरिंज घ्या, सुई खाली धरा आणि ०.१ मिलिलिटर टाकून द्या; बुडबुडा वर, दट्ट्यापाशीच राहतो. सुईच्या टोकाला थेंब लोंबत असेल तर झटकायचा, नाहीतर तिथली कातडी काळीनिळी पडते.

आजींना आडवं झोपवलंय. बेंबीपासून चार बोटं सोडून, कुशीकडे. कातडीची चिमूट धरायची, सुई सरळ आणि पूर्ण आत. चिमूट सुई बाहेर येईपर्यंत सोडायची नाही. दट्ट्या सावकाश, शेवटपर्यंत.

आणि आता बघा, कापूस हातात आहे, पण सिस्टर चोळत नाहीत. इंजेक्शनच्या जागी चोळायची आपली जुनी खोड. इथे त्यानं रक्त साकळतं.

डोस चढला तर रक्तस्राव होतो, आणि प्रोटामिन या उताऱ्याच्या औषधानं उतारा मिळतो तोही अर्धाच.

(दृश्य : सुईसकट सिरिंज पांढऱ्या डब्यात. सिस्टर लिहितात.)

केसपेपरवर पन्नास खोडून चाळीस. शेजारी वेळ, डोस आणि बाजू : डावी. उद्या उजवी. पाचव्या दिवसापासून प्लेटलेट्सवर (रक्त गोठवणाऱ्या पेशी) नजर, कारण या औषधानं त्या घटू शकतात. निम्म्यावर आल्या तर इंजेक्शन बंद करून लगेच डॉक्टरांना कळवायचं.