सक्ती डोक्यावर, मोकळीक दुकानाला

श्रोतेहो, नमस्कार.

२०१७च्या एप्रिलपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो. तो बंद करायला बटणच नसतं. सुरुवातीचे महिने आठवतात ना? समोरून येणारा प्रत्येक जण पंजाची उघडझाप करून खुणावायचा, "अहो, लाइट चालू आहे!" आता कुणी खुणावत नाही. मग २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था, आणि त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागणारी ब्रेकव्यवस्था, बंधनकारक झाली. गाड्या महागल्या, लोक शोरूममध्ये थोडे कुरकुरले आणि पैसे भरून गाडी घेऊन गेले.

त्याच २०१९च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीची जोरदार अंमलबजावणी सुरू झाली, आणि शहर पेटून उठलं. मोर्चे निघाले, निवेदनं गेली. त्याआधी २०१६मध्ये राज्यात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा झाली होती. पंपचालकांनी विरोध केला आणि ती बारगळली.

बाईकवाल्यांना नियमच नको असतात, असं म्हणून हा विषय नेहमी मिटवला जातो. मला ते पटत नाही. नियम नको असते तर एबीएसवरूनही रान उठलं असतं. मी स्वतः रोज पुण्यात गाडी चालवते, हेल्मेट घालूनच चालवते, आणि ते प्रत्येकानं घालावं असं मला मनापासून वाटतं. पण विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे. त्यात काही चुकीचं आहे आणि बरंचसं खरंही आहे.

आधी चुकीचं. "शहरात गाडी तिशीच्या वर जातच नाही, मग हेल्मेट कशाला?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. यात गाडीचा वेग मोजला जातो, डोक्याचा नाही. दीड मीटर उंचीवरून एखादी वस्तू नुसती खाली पडली, तरी जमिनीला लागताना तिचा वेग ताशी साधारण २० किलोमीटर झालेला असतो. म्हणजे सिग्नलला उभी असलेली गाडी कलंडली आणि डोकं दुभाजकाच्या कडेवर आपटलं, तरी मार तेवढ्याच वेगाचा बसतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलचा थर तेव्हा चेपला जातो, आणि चेपता चेपता तो मार स्वतः घेतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी बदलायचं असतं.

दुसरा आक्षेप ऐकू न येण्याचा आणि बाजूचं न दिसण्याचा. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या गटानं लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटारसायकल अपघातांच्या जागी जाऊन, एकेका अपघाताचा अभ्यास केला. १९८१मध्ये त्याचा अहवाल आला. हेल्मेटमुळे रहदारीचे महत्त्वाचे आवाज ऐकू येत नाहीत किंवा नजर अडते, असं त्यांना आढळलं नाही. मानेच्या दुखापतीही हेल्मेट घातलेल्यांमध्ये कमीच होत्या. पुढे २००८मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात निघालं. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्ते अपघातांत दगावले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते.

आता खरं काय ते. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सांगतं की, चार वर्षांवरच्या प्रत्येकानं, पुढे बसलेल्यानं आणि मागे बसलेल्यानंही, ठरवलेल्या मानकाचं हेल्मेट घालायचं आणि ते नीट बांधायचं. नाही तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्सवर टाच. २०२१च्या १ जूनपासून आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायलाही बंदी आहे. तरी कुठल्याही हमरस्त्याच्या कडेला जाऊन बघा. बांबूच्या मांडवावर माळेसारखी टांगलेली हेल्मेटं दिसतील. हातात घ्या. कवच अंगठ्यानं दाबलं तर आत जातं. आतला थर्माकोल टीव्हीच्या खोक्यातल्यासारखा ठिसूळ. पट्ट्याची रिव्हेट हिसका दिला की हातात येते. आणि मागे आयएसआयचं स्टिकर, ते नखानं सुटतं.

पावती फाडली जाते ती हेल्मेट नसलेल्याची. हे टोपलं घातलेला मात्र चौकातून बिनधास्त पुढे जातो, त्याच्या हनुवटीखालचा पट्टा लोंबत असतो आणि मामा त्याच्याकडे बघतही नाहीत. उलट लांबच्या प्रवासाला जाणारा एखादा रायडर युरोपच्या ईसीई मानकाचं महागडं हेल्मेट घालून येतो, तर त्याच्यावर आयएसआय नसल्यानं कागदोपत्री गुन्हा लागू शकतो. मग हे सगळं वसुलीसाठी चाललंय असं लोक म्हणाले, तर त्यांना बेजबाबदार कसं म्हणायचं? सरकारनं कारखान्याला सांगितलं तेव्हा दिवा आणि ब्रेक प्रत्येक गाडीत आले. हेल्मेटच्या बाबतीत मात्र सगळा भार घालणाऱ्याच्या डोक्यावर टाकला. बनवणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या दारात तेवढ्याच नेमानं कुणी गेलं नाही. माझी तक्रार ही आहे.

आणि मागे बसणाऱ्या बाईचं काय? साडी नेसून एका बाजूला बसलेली, मांडीवर लेकरू, हातात पिशवी. साडी चाकात जाऊ नये म्हणून मागचं चाक झाकणारी जाळी नियमानं प्रत्येक गाडीला आली. डोक्याचा विचार मात्र प्रत्यक्षात चालवणाऱ्यापाशी थांबला. मुंबईत पोलिसांनी २०२२च्या जूनपासून मागच्यांवरही कारवाई सुरू केली. ती योग्यच होती. पण घरात एकच हेल्मेट असेल तर ते नवऱ्याच्याच डोक्यावर जातं, हे मी रोज बघते आणि मला त्याचा राग येतो.

लहानग्यांसाठीही नियम झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, डोक्यावर हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. २०२३च्या फेब्रुवारीपासून तो लागू आहे. तालुक्याच्या गावी तीन वर्षांच्या पोरीच्या मापाचं हेल्मेट मागून बघा, दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.

नवी गाडी घेताना निर्मात्यानं हेल्मेट द्यायचं, ही तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आधीपासून आहे. २०२५च्या जूनमध्ये केंद्रानं मसुदा काढला, त्यात प्रत्येक नव्या गाडीबरोबर दोन हेल्मेटं द्यावीत असं सुचवलं. मला हे फार मोलाचं वाटतं. दुसऱ्या हेल्मेटचा खर्च घरात कुणाच्या वाट्याला येतो आणि कुणाचं राहून जातं, हा प्रश्नच त्यानं सुटेल. फक्त शोरूममधून गळ्यात मारलं जाईल ते, कोणत्याही मापाचं, घेऊन येऊ नका.

कसं तपासायचं ते सांगते. भुवयांच्या वर आणि कानांच्या मागून टेप फिरवून दोघांच्या डोक्यांची मापं घ्या. हेल्मेट घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. पट्टा बांधा, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील इतका. मग दुसऱ्याला मागची कड धरून हेल्मेट वर आणि पुढे ओढायला सांगा. डोक्यावरून निघालं, तर ते तिथंच परत द्या आणि एक साइज लहान मागा.