नौकांवरच्या अक्षरांचा फाँट

(दृश्य : मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. किनाऱ्याला लागलेल्या नौका.)

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात या दोन महिन्यांत नौका किनाऱ्याला लागतात, यंत्रे उघडली जातात, जाळी शिवली जातात, आणि नवा हंगाम सुरू होण्याआधी, पावसाने उघडीप दिली की, नौकांना नवा रंग चढतो. रंग वाळला की पेंटर येतो. नौकेचा पुढचा भाग, ज्याला इथे नाळ म्हणतात, त्याच्या दोन्ही अंगांवर तो नौकेचे नाव लिहितो. कुणाच्या नौकेला कुलदेवतेचे नाव असते, कुणाच्या नौकेला आईचे किंवा नातवाचे. नाळीची फळी सपाट नसते. ती वर जाताना बाहेर झुकते आणि पुढे जाताना निमुळती होते. त्यामुळे कागदावर सरळ दिसणारा शब्द तिथे वाकडा दिसतो, आणि तो सरळ दिसावा म्हणून पेंटरला अक्षरे थोडी तिरकी, थोडी कमीजास्त उंचीची काढावी लागतात.

हा लघुपट ज्या विद्यार्थिनीविषयी आहे ती या बंदराजवळ वाढली आणि उपयोजित कलेच्या पदवीसाठी मुंबईला गेली. नौकांवरच्या या अक्षरांपासून संगणकावर चालणारा देवनागरी फाँट तयार करणे हा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. प्रकल्पाची कल्पना आकर्षक आहे यात शंका नाही, परंतु आम्हाला कॅमेरा घेऊन तिच्यामागे जावेसे वाटले ते वेगळ्या कारणाने. नक्कल करता करता एक क्षण असा येतो की समोर नक्कल करण्याजोगे काहीच उरत नाही, आणि तिथून पुढे विद्यार्थ्याला स्वतः विचार करावा लागतो. तो क्षण या प्रकल्पात फार स्पष्टपणे दिसतो.

(दृश्य : पहिल्या वर्षाची कामे, संगणकाच्या पडद्यावर.)

तिची पहिल्या वर्षाची कामे पाहिली तर त्यांत हाताची तयारी दिसते, पण अक्षर हा स्वतंत्रपणे विचार करण्याचा विषय आहे असे कुठे जाणवत नाही. आधी चित्र पूर्ण करायचे, मग उरलेल्या जागेत इंटरनेटवरून उतरवून घेतलेला एखादा फाँट बसवायचा, जागा जास्त असेल तर तो आडवा ताणायचा, आणि शिरोरेषेत फटी पडल्या तरी तिकडे लक्ष द्यायचे नाही, अशी ती पद्धत होती. यात तिला दोष देता येणार नाही. आपल्याकडे बहुतेक मुले चित्रकला शिकतात तेव्हा अक्षर हे सुंदर हस्ताक्षराच्या स्पर्धेपुरतेच त्यांच्या वाट्याला येते. छापलेले किंवा पडद्यावरचे प्रत्येक अक्षर कुणीतरी बसून रेखाटलेले असते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

ते रेखाटणाऱ्या माणसांची परंपरा मात्र मुंबईत जुनी आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, त्यांच्या सुबकपणासाठी देशभर ओळखले जात. बापूराव नाईक यांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांचा जो सविस्तर अभ्यास केला तो १९७१ साली ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या नावाने प्रसिद्ध झाला. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी जाहिरातक्षेत्रात काम केले, आयआयटी मुंबईत १९६९ साली स्थापन झालेल्या आयडीसी या अभिकल्प केंद्रात शिकवले, आणि त्यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोज २००० सोबत जगभरच्या संगणकांत पोहोचला. अनेक वर्षे अनेकांनी आपले पहिले मराठी ई-पत्र ‘मंगल’मध्ये लिहिले, मात्र अक्षरकाराचे नाव त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होते. या विद्यार्थिनीला ते दुसऱ्या वर्षी वर्गात समजले, आणि आपल्या रोजच्या पडद्यामागे एका मराठी अक्षरकाराचा हात आहे, या जाणिवेने तिचे पाहणे बदलले.

(दृश्य : बंदरावर पेंटर आणि विद्यार्थिनी. फळीवर खडूच्या दोन रेषा.)

प्रकल्पाची सुरुवात छायाचित्रांनी झाली. नौकांची नावे, नोंदणीचे क्रमांक, लाकडी नौकांवरची जुनी अक्षरे आणि त्यांच्याशेजारी फायबरच्या नौकांवर चिकटवलेली रेडियमची अक्षरे, असा मोठा संग्रह तिने जमवला. परंतु तिच्या मार्गदर्शकांनी तिला छायाचित्रांवरून थेट रेखाटू दिले नाही. आधी हातात ब्रश घेऊन ही अक्षरे लिहायला शीक, असा त्यांचा आग्रह होता, आणि आमच्या मते संपूर्ण प्रकल्पातला तो सर्वांत मोलाचा सल्ला ठरला. म्हणून ती बंदरावरच्या पेंटरकाकांकडे बसू लागली.

काका आधी खडूने वरची आणि खालची रेषा आखतात, अक्षरांची ठिकाणे बोटांनी मोजतात आणि चपट्या ब्रशने प्रथम उभे दंड ओढून घेतात. पोटाचे गोल भाग त्यानंतर येतात, शिरोरेषा सर्वांत शेवटी येते, आणि पहिला रंग वाळल्यावर दुसऱ्या रंगाची सावली पडते. बोरूने लिहिलेल्या देवनागरीत रेषेची जाडी लेखणीच्या तिरप्या छेदावर ठरते. इथे ती ब्रश किती दाबला आणि रंग किती पातळ केला यावर ठरते. छायाचित्रात जो भाग तिला निव्वळ शोभेचा वाटला होता, उदाहरणार्थ ‘र’च्या पायाला येणारा गोल फुगवटा, तो ब्रश उचलण्याआधी क्षणभर थांबल्यामुळे येतो हे तिला स्वतः लिहिल्यावर कळले. फुगवट्याचे कारण कळल्यावर तो कुठे असावा आणि कुठे नसावा हे ठरवणे तिला शक्य झाले.

आणि मग तो क्षण आला. नौकांवर सगळी अक्षरे नसतात. ‘आई’, ‘माता’, ‘साई’, ‘कृपा’, ‘सागर’ असे शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे ‘स’, ‘म’, ‘त’, ‘ग’ यांची कितीतरी रूपे तिच्या संग्रहात जमली. ‘ङ’ आणि ‘ञ’ मात्र कुठेच सापडले नाहीत. ‘ढ’ नव्हता, ‘झ’ एखाद्याच ठिकाणी होता, ‘ठ’ला पुसट पुरावा होता. जोडाक्षरांची स्थिती तर याहून बिकट होती, कारण पेंटर शक्य तेथे सोपे नाव सुचवतात आणि अवघड जोडाक्षर आलेच तर ते हलन्त चिन्ह देऊन मोकळे करतात. फाँटला अशी सवलत नसते. तो एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की कुणी त्यात ‘उद्ध्वस्त’ लिहील, कुणी ‘चिठ्ठी’ लिहील, कुणी ‘वाङ्मय’ लिहील, आणि प्रत्येक वेळी अक्षर हजर असावे लागेल.

तिने कोणतेही तयार ‘ङ’ उचलून जाड केले नाही. सापडलेल्या अक्षरांचे अवयव तिने वेगळे केले: दंड, पोट, गाठ, शेपूट, वळणाचा शेवट. ‘ड’चे पोट या पेंटरच्या हातात कसे वळते, ‘ह’ची शेपूट किती खाली उतरते, ‘ख’मधली पोकळी किती उघडी राहते, याची तिने टिपणे काढली, आणि मग त्याच हाताने ‘ङ’ कसा लिहिला असता याचे वहीत पानेच्या पाने तर्क केले. तयार झालेली रूपे तिने काकांना दाखवली. ‘ढ’ त्यांना पटला. ‘ठ’ त्यांनी तिच्या वहीतच पुन्हा लिहून दाखवला, कारण तिने त्याचे पोट पूर्ण वर्तुळासारखे काढले होते आणि ब्रशने एका दमात तसे वर्तुळ निघत नाही. कुणीही न लिहिलेले अक्षर एखाद्या जिवंत हाताशी प्रामाणिक राहून घडवणे, हे आम्हाला खऱ्या अर्थाने सर्जनशील काम वाटते, आणि ते करताना या मुलीचा आत्मविश्वास आम्ही आठवड्या-आठवड्याने वाढताना पाहिला.

(दृश्य : फाँटफोर्जची खिडकी. एका अक्षराची बाह्यरेषा आणि तिच्यावरचे बिंदू.)

पुढचे काम संगणकावरचे होते. तिने फाँटफोर्ज हे विनामूल्य आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरले. येथे प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वक्रांनी बांधावी लागते, आणि बिंदू जितके कमी व योग्य जागी तितके वळण स्वच्छ येते. शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या चौकटीच्या किंचित बाहेर न्यावी लागते, म्हणजे शेजारच्या अक्षराची रेषा तिच्यावर चढते आणि पडद्यावर मध्ये पांढरी फट राहत नाही. पहिल्या वर्षी ज्या फटींकडे तिचे लक्षही गेले नव्हते, त्या बुजवण्यासाठी आता ती अंतरांचे आकडे तपासत बसत होती.

देवनागरीचे खरे वैभव आणि खरी अडचण तिच्या जोडणीत आहे. प्रत्येक अक्षरचिन्हाला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८ जागा आहेत, पण फाँटमध्ये त्याहून कितीतरी अधिक, शेकडो चित्रे लागतात, कारण अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार आणि मात्रांची वेगवेगळी रूपे संगणक त्या मूळ चिन्हांवरून जुळवतो. आपण ‘कि’ लिहिताना वेलांटी नंतर टंकतो आणि ती दिसते मात्र ‘क’च्या आधी. तिची वरची कमान पुढच्या अक्षराच्या दंडापर्यंत पोहोचायला हवी, आणि ‘र’ अरुंद तर ‘क्ष’ रुंद असल्यामुळे एकाच वेलांटीची अनेक मापे रेखाटावी लागतात. जाड अक्षरांत ही सगळी गर्दी अधिकच दाटते. तेव्हा तिने मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा फाँट उघडून पाहिला. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी रेखाटलेल्या या अतिजाड देवनागरीत आतल्या पोकळ्या जवळजवळ बारीक चिरांइतक्या उरतात, तरी अक्षर ओळखू येते. मुक्त परवान्यामुळे त्याची मूळ रेखाटने कुणालाही अभ्यासता येतात. पोकळी लहान झाली तरी तिची जागा आणि दिशा टिकली तर वाचक अडखळत नाही, हे तिला तिथे उमगले, आणि आपल्या ‘ठ्ठ’ व ‘द्ध’ची तिने नव्याने मांडणी केली.

मराठीच्या काही गरजा वेगळ्या आहेत. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि कोकणच्या फाँटमध्ये तरी दोन्ही नीट उमटलेच पाहिजेत. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये त्या ठिकाणी आजही रिकामी चौकट दिसू शकते. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपे आहेत, आणि त्यांचे महत्त्व ओळखूनच टिरो देवनागरी या फाँटकुळाची मराठीसाठी वेगळी आवृत्ती निघाली आहे. आपल्या फाँटमध्ये ही रूपे मूळचीच असतील, पर्यायी नसतील, असा निर्णय तिने सुरुवातीलाच घेतला होता. आम्हाला तो मनापासून आवडला.

(दृश्य : छापील नमुना हातात घेतलेले पेंटरकाका.)

पहिला छापील नमुना पाहून काकांनी एकच हरकत घेतली. एका नावातले दोन ‘आ’ हुबेहूब सारखे होते, आणि हाताने ते कधीच तसे होत नाहीत. हरकत साधी होती, तिचा परिणाम मात्र मोठा झाला. वारंवार येणाऱ्या अक्षरांची दोन-तीन रूपे तिने रेखाटली, आणि तेच अक्षर जवळ पुन्हा आले तर संगणकाने आपोआप दुसरे रूप घ्यावे असे नियम फाँटमध्ये लिहिले. सावलीसाठी तिने त्याच मापाचा दुसरा फाँट केला, जो पहिल्याच्या खाली ठेवला की दोन रंगांचे नाव तयार होते. ब्रश कोणत्या क्रमाने फिरतो हे दाखवणारे एक छोटे ॲनिमेशनही तिने प्रकल्पासोबत सादर केले, आणि त्यातला वेग काकांच्या हाताच्या चित्रीकरणावरून ठरवला.

आज हा फाँट एकाच जाडीचा आहे आणि मोठ्या आकारातच शोभतो. परिच्छेदाच्या मजकुरासाठी तो नाही, हे ती स्वतः नमुनापुस्तिकेत लिहिते. मुक्त परवान्याखाली तो सर्वांना वापरता येईल, बदलता येईल, आणि बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली ठेवावी लागेल. परवान्याची निवड करताना तिने काकांची संमती घेतली आणि नमुनापुस्तिकेच्या पहिल्या पानावर त्यांच्या कामाचा उल्लेख केला. मराठीत क्वचित येणाऱ्या जोडाक्षरांची यादी ती अजून वाढवत आहे, आणि फाँटच्या संचिकेसोबत तिने एक विनंती ठेवली आहे, की एखादा शब्द चुकीचा उमटला तर तो शब्द आणि ज्या यंत्रावर तो उमटला त्याची माहिती वापरणाऱ्यांनी कळवावी.