भाड्याचा पत्ता

शुक्रवार पेठेतल्या या बोळात मान वर केली, की आभाळाआधी तारा दिसतात. वाड्याच्या कौलांवरून समोरच्या गच्चीवर आणि तिथून विजेच्या खांबावर गेलेली ही काळी फायबर केबल जिन्याखालच्या एका खोलीत उतरते. टेबलफॅनसमोर मांडलेल्या या दोन राउटरमधून आसपासच्या घरांना इंटरनेट मिळते. त्यासाठी केबलइतकाच आवश्यक असतो तो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची जोडणी ओळखणारा क्रमांक. हल्ली तो भाड्यानेही दिला जातो, आणि तो मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही.

या पत्तापद्धतीच्या चौथ्या आवृत्तीचे (आयपीव्ही४) पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गट पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटले गेले. आपल्या आशिया-प्रशांत विभागाची संस्था एपनिक; तिच्याकडून नव्या अर्जदाराला आज जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. म्हणूनच या खोलीत एकेका सार्वजनिक पत्त्याआड अनेक घरे बसवावी लागतात.

हे पत्ते कोणाच्याही मालकीचे नसतात, हा एपनिकच्या धोरणाचा पाया आहे. गरज दाखवल्यावर ते परवान्याने मिळतात, आणि ज्या गरजेसाठी दिले ती टिकली तरच परवान्याचे नूतनीकरण होते. नको असलेले पत्ते दुसऱ्याकडे रीतसर हस्तांतरित करता येतात. परंतु घेणाऱ्यालाही आपली गरज सिद्ध करावी लागते आणि एपनिकच्या नोंदवहीतले धारकाचे नाव बदलते. १०३ ने सुरू होणाऱ्या अखेरच्या गटातले पत्ते तर मिळाल्यापासून पाच वर्षे हस्तांतरितच करता येत नाहीत.

पत्त्यांचा भाडेव्यवहार या सगळ्याला वळसा घालतो. नोंदवहीतला धारक २५६ पत्त्यांचा ब्लॉक एका अधिकारपत्रावर तिसऱ्याला वापरू देतो आणि दरमहा पैसे घेतो. लॅपटॉपच्या पडद्यावर आत्ता जी नोंद दिसते आहे, तिच्यात नाव धारकाचेच राहते, वापर मात्र भलत्याच शहरात चालू असतो. पुणेकरांना पागडी ठाऊक आहे. पण पागडीच्या खोलीला निदान घरमालक तरी असतो. इथे मालकी नसलेल्या वस्तूचे भाडे वसूल होते.

असे भाडे अमान्य आहे हे धोरणात स्पष्ट लिहावे, असा प्रस्ताव २०२२ मध्ये एपनिकपुढे आला. पत्ते विकत घेण्याची ऐपत नसलेल्या छोट्या इंटरनेट सेवादाराला भाड्याचाच आधार असतो, हा त्यावरचा आक्षेप खोटा नाही. तरीही मला प्रस्तावकांचे म्हणणे पटते, कारण वापरात नसलेले पत्ते साठ्यात परतले असते, तर याच छोट्या सेवादाराला ते गरजेच्या निकषावर मागता आले असते. भाड्याच्या पत्त्यावरून फसवणूक झाली, तर तपास आधी नोंदवहीतल्या नावाच्या दारात जातो.

टेबलावरचा हा तरुण सध्या राउटरवर सहाव्या आवृत्तीचे पत्ते बसवतो आहे. ते १२८ बिटांचे आहेत आणि त्यांचा तुटवडा नाही. मात्र, ज्या संकेतस्थळांनी अजून ती आवृत्ती स्वीकारलेली नाही, त्यांच्यासाठी जुने ५१२ पत्तेही त्याला चालू ठेवावे लागणार आहेत.