वारूळ कोणी बांधलं?

(दृश्य : पुरीचं जगन्नाथ मंदिर. पहाट. दार बंद.)

मिथिलेच्या पंडितांमध्ये एक आख्यायिका चालत आली आहे. न्यायशास्त्राचे, म्हणजे तर्काच्या शास्त्राचे आचार्य उदयन जगन्नाथाच्या दर्शनाला आले, तर दार बंद. आचार्य संतापले आणि थेट देवालाच म्हणाले : ऐश्वर्याच्या मदात माझी उपेक्षा करतोस? बौद्ध वादाला उभे राहिले, की तुझं अस्तित्व माझ्याच हातात असतं!

(दृश्य : कुंभाराचं चाक)

उदयन सुमारे हजार वर्षांपूर्वीचे. ईश्वर तर्कानं सिद्ध करायला त्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली. ५ स्तबकांची, म्हणजे फुलांच्या पाच गुच्छांची ओंजळ.

चाकावरचा हा गोळा बघा. अंगठा आत शिरतो, भिंत वर चढते, काठ वळतो. पुढे कुठे मडकं दिसलं, की कुंभार समोर नसला तरी आपण म्हणतो, हे कोणीतरी घडवलंय. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे अनुयायी म्हणतात, डोंगर, पृथ्वी, मातीतून वर येणारा कोंब हीसुद्धा कार्यंच, म्हणजे घडलेल्या वस्तूच. मग त्यांनाही कर्ता हवा.

(दृश्य : बांधावरचं वारूळ)

उदयनांच्या कितीतरी आधी बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी इथेच बोट ठेवलं होतं. वारूळही मातीचंच. म्हणून तेही कुंभारानं केलं म्हणायचं? मडकी घडताना आपण पाहिली आहेत. डोंगर घडताना कोणी पाहिलाय?

आणि हरकत काही फक्त बौद्धांची नव्हती. वेद शिरोधार्य मानणाऱ्या मीमांसा परंपरेतले कुमारिल भट्टही जगाचा कर्ता नाकारतात. कुंभाराला हात असतात. ईश्वराला शरीर आहे का? असेल, तर ते कोणी घडवलं?

शिवाय कोंब तर कर्त्याविनाच उगवताना दिसतो, असंही विरोधक म्हणत. त्यावर नैयायिकांचं उत्तर असं : कोंब कर्त्याविना उगवतो की नाही, हाच तर वाद आहे. वादातलीच गोष्ट पुरावा म्हणून कशी पुढे करता?

उत्तर बिनतोड वाटतं खरं, पण माझ्या मते वारूळ तिथंच उभं राहतं.

(दृश्य : विक्रमशिलेचे अवशेष, जवळून वाहणारी गंगा)

उदयनांच्याच काळाच्या सुमारास इथे, बिहारमधल्या विक्रमशिला या बौद्ध विहारात, बौद्ध आचार्य रत्नकीर्ती ‘ईश्वरसाधनदूषण’, म्हणजे ईश्वरसिद्धीचं खंडन, लिहीत होते. पुढे विहार उद्ध्वस्त झाला. ती पोथी मात्र तिबेटमधल्या मठात टिकली आणि १९३०च्या दशकात बौद्ध विद्वान आणि हिंदी लेखक राहुल सांकृत्यायन यांच्या हाती लागली. ईश्वर नाकारणारं लेखन कोणीतरी इतकी शतकं जपलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

(दृश्य : पोथीचं पान, जवळून)

उदयनांकडे मी पुन्हा पुन्हा येतो, ते सुरुवातीच्या एका श्लोकामुळे. ते म्हणतात, ईश्वराविषयीची ही तर्कचर्चा म्हणजे मनन, श्रवणानंतर येणारी उपासनाच. देवाबद्दल शंका ऐकली की आज आपल्या भावना दुखावतात. उदयनांनी त्याच शंका एकेक करून पोथीत उतरवल्या, आणि त्यांना उत्तर देणं हीच पूजा मानली.

ग्रंथाच्या शेवटी ते देवापुढे हात जोडतात, विरोधकांसाठी. इतकं सांगूनही ज्यांच्या हृदयात तुला जागा मिळत नाही, त्यांची मनं दगडाची. पण हे करुणाकरा, तुझं खंडन करताना तेही तुझंच चिंतन करत असतात. वेळ आली, की त्यांनाही तूच तार.