जुन्या कॉम्प्युटरवर हलकं लिनक्स: सांगलीच्या अभ्यासिकेसाठी एक्सएफसीई सेटअप

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर झाकण काढलेला सीपीयू.]

नमस्कार मंडळी. हा सीपीयू बघा. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, म्हणजे २०११ च्या आसपासचा. रॅम ४ जीबी, आत फिरणारी हार्ड डिस्क. सांगलीत विश्रामबागच्या एका अभ्यासिकेतली ही मशिनं. पोरं-पोरी एमपीएससीची, बँकेची तयारी करतात. त्यांना कॉम्प्युटर लागतो तो फॉर्म भरायला, पीडीएफ वाचायला, यूट्यूबवर लेक्चर बघायला आणि मराठी टायपिंगचा हात बसवायला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ही मशिनं एकतर भंगारात जाणार, नाहीतर लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजीच्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर, येणार.

डेस्कटॉप देखणा करायचे व्हिडिओ ढीगभर आहेत. आज आपल्याला दुसरं काम आहे. दिवसभर वेगवेगळी माणसं येऊन बसणार आणि प्रत्येकाला मशिन तसंच्या तसं, स्वच्छ मिळायला हवं. सगळी सेटिंग त्या हिशोबानं.

पण कुणाकुणी लिनक्सच्या वाटेला जाऊ नये, ते आधी सांगतो. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल तर थांबा, टॅली लिनक्ससाठी येत नाही. डीटीपीवाले, तुमच्या श्री-लिपीतल्या जुन्या फाइल युनिकोड नाहीत, त्या इथं गिचमिड दिसतील. अंगठ्याचं यंत्र वापरत असाल तर त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे आधार पडताळणीसाठी लागणारा प्रोग्राम, लिनक्सवर मिळते का, ते आधी कंपनीच्या साइटवर बघा. आणि प्रिंटर! झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा कॅप्ट नावाची स्वतःचीच भाषा बोलतो, त्यामुळं लिनक्सवर तो सरळ जोडला आणि चालला असं होत नाही. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना एचपीलिप हा ड्रायव्हर आहे, तिथं सहसा अडत नाही.

[हातात एसएसडी.]

सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी हे. अडीच इंची साटा एसएसडी, २४०-२५६ जीबीची. खिशात एकाच वस्तूपुरते पैसे असतील तर रॅम नको, ही घ्या. फिरत्या डिस्कवर कुठलंही लिनक्स टाका, सुरू व्हायला रडवतंच. झाकण काढलंच आहे तर पंख्यातली धूळही झटका, सांगलीचा एप्रिल-मे आठवा.

आता डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार टाकायचा ते. यावरून भांडणाऱ्यांना भांडू दे. ४ जीबी रॅम असेल तर मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घेतो. एक्सएफसीई म्हणजे हलका डेस्कटॉप: पट्टी, मेनू, खिडक्या. त्यांची अधिकृत अट किमान २ जीबी रॅमची आहे, पण आरामात चालायला ४ जीबी असं ते स्वतःच म्हणतात. दोनच जीबी असेल तर डेबियन आणि त्यावर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप. मशिन जुनं ३२ बिटी असेल तर डेबियन १३ चा इन्स्टॉलर मिळणार नाही, त्यांनी तो बंद केला. मग १२ वर राहावं लागतं.

एक्सएफसीई काही नवं नाही. ऑलिव्हिए फोरदां यांनी १९९६ साली सुरू केलेला प्रकल्प आहे. मला तो आवडतो कारण दर दोन वर्षांनी सगळं उलटंपालटं करत नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडं घड्याळ. विंडोजवरून आलेल्या पोराला शिकवावं लागत नाही.

इन्स्टॉलेशन पटकन उरकतो. पेनड्राइव्हवर रूफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रामनं आयएसओ, म्हणजे मिंटची इन्स्टॉलची फाइल, टाका, मशिन सुरू होताना एफ-१२ किंवा जी की असेल ती दाबा, आणि आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालवून बघा. वायफाय, आवाज, स्क्रीन हे तिथंच तपासा. वायफायची चिप ओळखली नाही तर घाबरू नका. मोबाइल यूएसबीनं जोडा, टेदरिंग सुरू करा, नेट लगेच येतं आणि मग ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर घेता येतो. इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकवर टिक करा. डिस्क पुसायच्या पायरीला मात्र हात आखडता घ्या, आत कुणाचे फोटो-बिटो आहेत का विचारा.

[स्क्रीन: टास्क मॅनेजर.]

हे नुकतं सुरू झालेलं मशिन. बघा, साधारण ७००-८०० एमबी रॅम गेली. आता फायरफॉक्स उघडतो, चार टॅब... दीड जीबीच्या पुढं. हाच मुद्दा आहे मंडळी. डेस्कटॉप आणखी शंभर एमबीनं हलका करण्यात लोक रात्री घालवतात आणि खरा खादाड ब्राउझर असतो.

म्हणून डेस्कटॉपवर तीनच गोष्टी करायच्या. सेटिंगमध्ये सेशन अँड स्टार्टअप, त्यात ॲप्लिकेशन ऑटोस्टार्ट. ब्लूटूथ नाही? ब्लूमन बंद. प्रिंटर नाही? त्याचं ॲप्लेट बंद. जे ओळखत नाही त्याला हात लावू नका. दुसरं, विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर बंद. सावल्या आणि पारदर्शकता जाते, पण जुन्या ग्राफिक्सला मोकळा श्वास मिळतो. विंडो ओढताना स्क्रीन फाटल्यासारखी दिसायला लागली तर परत सुरू करा, हट्ट नको. तिसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. लॉगआउटच्या खिडकीत खाली एक टिक असते, पुढच्या वेळेसाठी सेशन सेव्ह करा म्हणून. ती काढा. नाहीतर आज उघडलेलं सगळं उद्या आपोआप उघडतं, आणि मग मशिन हळू झालं म्हणून तुम्ही लिनक्सला शिव्या घालता.

आता रॅमसाठी झेडरॅम. रॅमचाच एक भाग राखून त्यात डेटा दाबून ठेवतात, म्हणजे स्वॅपपर्यंत, रॅम भरल्यावर वापरायच्या डिस्कवरच्या जागेपर्यंत, जायची वेळ उशिरा येते. झेडरॅम-टूल्स हे पॅकेज टाका, मग त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये पर्सेंट ५० करा. ओळ स्क्रीनवर आहे. नुसतं पॅकेज टाकून सोडू नका, मुळात ते फक्त २५६ एमबी घेतं.

[स्क्रीन: यूट्यूब, बाजूला सीपीयूचा आलेख.]

हा लेक्चरचा व्हिडिओ. सीपीयू बघा, नव्वदच्या वर. यूट्यूब बहुतेक वेळा व्हीपी-नाइन या प्रकारात दाबलेला व्हिडिओ पाठवतं आणि या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला व्हीपी-नाइन उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. एच-२६४ हा दुसरा प्रकार मात्र त्याला जमतो. फायरफॉक्समध्ये एच-२६४-इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाका, ते यूट्यूबला एच-२६४ च मागतं. आता तोच व्हिडिओ... आलेख कुठं आला बघा. रिझोल्यूशन ७२० ठेवा, फळ्यावरचं वाचता येतंय ना, बास. सोबत यूब्लॉक ओरिजिनही टाका, जाहिरातींचं ओझं कमी होतं.

आता मराठी. फॉन्टची चिंता नको. लोहित देवनागरी बहुतेक ठिकाणी सहज मिळतो. आणि गंमत म्हणजे लोहितचं मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं, श्री-लिपीवालेच ते. रेड हॅटनं तो मुक्त परवान्याखाली आणला.

टायपिंगला दोन वाटा आहेत. आयबस आणि एम-१७-एन ही टायपिंगची पॅकेजं घेतली तर गमभन, मिंग्लिश, फोनेटिक असे बरेच प्रकार मिळतात. घरी वापरा खुशाल. अभ्यासिकेत मी कीबोर्ड सेटिंगमधला लेआउटच वापरतो, इंडियन गटातली मराठी इनस्क्रिप्ट मांडणी. जास्तीचा प्रोग्राम चालत नाही, आणि ही सेटिंग एक्सएफसीईच्याच फोल्डरमध्ये राहते, त्याचा उपयोग पुढं कळेल. इनस्क्रिप्टवर दऱ्या, वाऱ्यावर, कोऱ्या यातला ऱ्य बऱ्याच जणांना सापडत नाही. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. तीन वेळा मारून बघा, बोटात बसतं. पॅनेलवर कीबोर्ड लेआउटचं प्लगइन ठेवा, म्हणजे आत्ता मराठी आहे की इंग्रजी ते दिसतं.

आणि हे माझं सगळ्यात लाडकं. थुनार, म्हणजे फाइल मॅनेजर. एडिट मेनूत कस्टम ॲक्शन. बँकेच्या, म्हणजे आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल लागतो आणि २० ते ५० केबीच्या आत. त्यासाठी पोरं कुठल्या कुठल्या वेबसाइटवर स्वतःचा फोटो आणि सही चढवत बसतात! इमेजमॅजिक टाका आणि ही ओळ ॲक्शनमध्ये लिहा. आता फोटोवर राइट क्लिक, "फॉर्मचा फोटो", झालं. सहीसाठी तशीच दुसरी, १४० बाय ६०, १० ते २० केबी. फोटो आधी त्याच प्रमाणात कापून घ्यायला सांगा, नाहीतर चेहरा चपटा होतो. तिसरी ॲक्शन वर्डची फाइल पीडीएफ करायची, ती लिबरऑफिस मागच्या मागं करतं. लिबरऑफिसमध्येच असताना ऑटोरिकव्हरीचा वेळ दहा मिनिटांवरून दोनवर आणा. लाइट गेली तर एक्सटी-४ चं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, डिस्कवरची फाइलसिस्टिम सांभाळतं, तुमचा न साठवलेला अर्ज नाही.

[कॅमेऱ्यासमोर.]

एवढं सगळं मी केलं कुठं? "नमुना" नावाच्या वेगळ्या युजरमध्ये. आता हे प्रत्येक येणाऱ्याला द्यायचं.

मिंटमध्ये लॉगइन विंडोच्या सेटिंगमध्ये, युजर्समध्ये, गेस्ट सेशनला परवानगी द्या. गेस्ट म्हणून बसलेल्यानं काहीही केलं तरी लॉगआउट झाल्यावर त्याचं घर, म्हणजे होम फोल्डर, पुसलं जातं. एका पोरीचं ईमेल उघडं राहिलं आणि पुढच्यानं वाचलं, हा प्रकारच नाही. पण फाइलही जाते, म्हणून मॉनिटरवर चिठ्ठी लावा: काम पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवा. आणि गेस्ट म्हणजे अभेद्य भिंत समजू नका, २०१७ मध्ये उबुंटूनं सुरक्षेच्या त्रुटीमुळं ही सोय मुळातूनच बंद ठेवली होती. संचालकांची खासगी कागदपत्रं या मशिनवर नकोत.

गेस्टचं नवं घर ईटीसी-स्केल या फोल्डरमधून बनतं. मग नमुनाच्या डॉट-कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरमधलं एक्सएफसीई-४, थुनार आणि ऑटोस्टार्ट ही तीन फोल्डर तिथं नेऊन ठेवा. एक्सएफसीई-४ मध्ये पॅनेल आणि तो मराठी लेआउट, थुनारमध्ये फोटोवाल्या ॲक्शन. आयबसची सेटिंग दुसरीकडंच राहते, म्हणून मघाशी ती टाळली. कॉपी करताना नमुना लॉगआउट असला पाहिजे. चालू सेशनमध्ये सेटिंग मेमरीत असते आणि नंतर लिहिली जाते, त्यामुळं अर्धवट कॉपी होण्याची शक्यता राहते. लॉगआउट करा, कंट्रोल-ऑल्ट-एफ-२ दाबून टेक्स्ट स्क्रीनवर जा, ॲडमिननं आत या आणि कॉपी करा. वॉलपेपर नमुनाच्या घरात ठेवू नका, गेस्टला ते घर उघडत नाही. युएसआर-शेअर-बॅकग्राउंड्समध्ये ठेवा.

ब्राउझरची एक्स्टेन्शन अशी जात नाहीत. त्यांच्यासाठी फायरफॉक्सची पॉलिसीज फाइल असते, ईटीसी-फायरफॉक्स-पॉलिसीजमध्ये. तिच्यात दोन्ही एक्स्टेन्शन लिहिली की कुणीही बसलं तरी ती हजर.

तरीही कुणीतरी पॅनेल ओढून वर नेणारच. लॉगआउट केलं की परत जागेवर येतं, पण ज्यांना तेवढंही नको त्यांच्यासाठी: ईटीसी-एक्सडीजी खालच्या एक्सएफसीईच्या फोल्डरात पॅनेलची एक्सएमएल फाइल ठेवायची आणि तिच्या चॅनेलच्या ओळीत लॉक्डचा हा शब्द घालायचा, स्क्रीनवर पिवळा केलाय. मग रूट, म्हणजे मुख्य ॲडमिन, सोडून कुणालाच पॅनेल हलवता येत नाही.

बाकीच्या मशिनवर हे सगळं परत करायचं नाही. ती तीन फोल्डर, पॉलिसीजची फाइल, पॅनेलची फाइल आणि वॉलपेपर एका पेनड्राइव्हवर घ्या. प्रत्येक मशिनवर मिंट टाका, झेडरॅम आणि इमेजमॅजिक टाका, फाइली जागच्या जागी ठेवा, गेस्ट सुरू करा, आणि एकदा गेस्टनं आत जाऊन फोटोची ॲक्शन चालवून बघा. ती चालली म्हणजे फोल्डर बरोबर पोचली.