थराथरानं खाली : पांढरीतल्या उत्खननाचा एक दिवस

[दृश्य : नदीकाठचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, हिवाळ्यातली सकाळ]

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात इथं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढा त्या वस्तीचा काळ. तळाला माळवा संस्कृतीचे थर, त्यावर जोर्वे संस्कृतीचा आधीचा काळ म्हणजे पूर्व जोर्वे, सगळ्यांत वर तिचा नंतरचा काळ म्हणजे उत्तर जोर्वे. पूर्व जोर्वे काळातली घरं आयताकार, तर उत्तर जोर्वेत बहुतेक गोल झोपड्या. घरांची चारेक बोटं जाडीची चोपलेली जमीन कुदळीखाली फुटू न देता उघडी केली, म्हणून हा फरक कळला. दख्खनच्या पांढरीतलं सगळं कसब या जमिनीपाशी पणाला लागतं.

हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. पावसाळ्याची ओल उतरलेली असते, पण माती अजून दगडासारखी झालेली नसते. ओल्या मातीत थरांचे रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. मार्चनंतर काळ्या मातीला भेगा पडतात आणि वरची खापरं त्यांतून खालच्या थरात घसरतात.

[दृश्य : खुंट्या, सुतळी, टेप]

पाच बाय पाच मीटरचा चौकोन. चारही खुंट्या ठोकल्यावर कर्ण मोजायचा. तो ७ मीटर ७ सेंटिमीटर भरला, तरच कोपरे काटकोनात आहेत. खणायचं मात्र साडेचार बाय साडेचार. चारही कडांना पाव-पाव मीटर सोडलं, की शेजारच्या चौकोनाशी मिळून अर्ध्या मीटरचा बांध उभा राहतो. थरांचा पुरावा या बांधाच्या भिंतीत शिल्लक असतो, म्हणून त्याच्या कडेवर कुणी बसत नाही, पाय देत नाही. मातीचा ढीगही निदान दोन मीटर लांब टाकतात, पुढे खणायची नसेल अशाच जागेवर.

सात वाजता काम सुरू. छोट्या कुदळीनं एका वेळी पाचेक सेंटिमीटर माती सैल करायची, तीही सगळ्या चौकोनात सारखी. माणसं मागे सरकत खणतात, म्हणजे नुकत्याच साफ केलेल्या भागावर पाय पडत नाही. सैल माती लगेच घमेल्यात जाते. ती पडून राहिली, तर खालचा बदललेला रंग झाकला जातो आणि पुढचा घाव आंधळा बसतो.

खोली ठरवून खणणं सोपं असतं, पण माणसं कधी सपाटीत राहत नाहीत. दहा सेंटिमीटरवर चौकोनाच्या एका कोपऱ्यात उत्तर जोर्वेची राख असेल, तर दुसऱ्या कोपऱ्यात त्याआधीची पडलेली भिंत. म्हणून थर जसा उतरेल तसं उतरायचं. मातीचा रंग, पोत किंवा कुदळीचा आवाज बदलला, की थांबायचं आणि थराला नवा आकडा द्यायचा. त्या आकड्याची चिठ्ठी भिंतीत लगेच खोचतात. संध्याकाळपर्यंत भिंत वाळून सगळी एकाच रंगाची दिसू लागते. मग पाण्याचा हलका फवारा मारून रंग पुन्हा वर आणावे लागतात.

[दृश्य : जमिनीवर गडद वर्तुळ]

जमीन लागली, की कुदळ बाजूला ठेवून खुरपी आणि ब्रश हाती घेतात. चोपलेल्या जमिनीवरून वरची माती पापुद्र्यासारखी सुटते. ती जिथं सुटत नाही, तिथं जमीन तुटलेली असते. तळहाताएवढं गडद वर्तुळ असेल, तर ती खांबाची जागा. त्याहून मोठं असेल, तर खड्डा.

खड्ड्याचा थर ठरतो तो त्याच्या तोंडावरून, तळावरून नव्हे. तळ पूर्व जोर्वेच्या थरात असेल आणि तोंड उत्तर जोर्वेच्या जमिनीत, तर तो खड्डा उत्तर जोर्वेचाच. तो आधी रिकामा करायचा आणि त्यातली खापरं वेगळ्या पिशवीत भरायची. वर्तुळ नजरेतून निसटलं, तर दोन काळांची भांडी एका पिशवीत जातात. ती नंतर कुणालाच वेगळी करता येत नाहीत. आधी खड्ड्याचा अर्धाच भाग काढतात, म्हणजे उरलेल्या अर्ध्यात भरावाचा छेद दिसतो. तो मोजून, रेखाटून झाल्यावरच दुसरा अर्धा.

जोर्वे लोक लहान मुलांचं दफन घराच्याच जमिनीखाली करत. दोन कलश तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले सापडतात. त्यामुळे इथं घाई अक्षम्य आहे. कलशातली माती तिथंच उपसायची नाही. ती सगळी बारीक चाळणीतून जाते, कारण न फुटलेल्या दुधाच्या दाताचा अंकुर धान्याच्या दाण्याएवढा असतो आणि मुलाचं वय त्यावरून कळतं. हाडांना धातूचं हत्यार लावत नाहीत, बांबूची कामटी वापरतात. वर सावली धरतात. ऊन लागलं, की ओली हाडं तडकतात.

चुलीतला कोळसा खुरपीच्या टोकानं उचलून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात. हात, कापूस, कागद यांचा स्पर्शही नको. कालमापनासाठी खांबाच्या लाकडापेक्षा जळलेलं धान्य चांगलं. खांब जुन्या झाडाचा असू शकतो, दाणा त्याच हंगामातला असतो. हे दाणे मिळवायला चुलीची राख बादलीभर पाण्यात ढवळतात. हलके दाणे तरंगतात. ते बारीक कापडावर ओतून सावलीत वाळवायचे. इनामगावच्या लोकांचं मुख्य पीक जव होतं, हे अशाच जळक्या दाण्यांवरून समजलं.

दुपारी खापरं धुतली जातात. रंगकाम असलेली खापरं घासत नाहीत, नुसती पाण्यातून काढतात. वाळल्यावर आतल्या बाजूला काळ्या शाईनं स्थळ, वर्ष, चौकोन आणि थर लिहितात. हे न लिहिलेलं खापर अभ्यासाला निरुपयोगी.

[दृश्य : डम्पी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण), वही]

काम थांबवण्याआधी जमिनीच्या चारही कोपऱ्यांची आणि मधली पातळी घेतात, तीही ठरलेल्या स्थिर बिंदूपासून. टेकाडाच्या पृष्ठभागापासून मोजली, तर उद्या पृष्ठभागच उरलेला नसेल. भिंती ओळंब्यानं तपासून सरळ करतात. दीड मीटरच्या खाली गेलेल्या चरात पायऱ्या सोडतात, कारण काळ्या मातीची भिंत ढासळताना फारशी सूचना देत नाही. मग वही. कुठला थर कुठल्या थराला कापतो, कुठली जमीन कुठल्या भिंतीला भिडते, हे चरात उभं राहूनच लिहायचं आणि शंका असेल तीही तशीच नोंदवायची. शेवटी जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून कडांवर माती दाबतात. खड्ड्याचा दुसरा अर्धा भाग सकाळी, छेदाचं रेखाटन पूर्ण झाल्यावर.