घरचा जनरेटर आणि खांबावरची तार

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले आणि रायगड व उत्तर रत्नागिरीतील विजेचे हजारो खांब आडवे झाले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील कित्येक वाड्यांना वीज परत मिळायला आठवडे लागले. विहिरीत पाणी होते, पण पंप चालत नव्हता. अशा दिवसांत एखाद्या घरी पेट्रोलवर चालणारा दोन केव्हीएचा लहान जनरेटर असला, तर साऱ्या वाडीला त्याचा आधार होतो. मात्र तो घराच्या वायरिंगला कसा जोडला आहे, यावर घरातल्या माणसांइतकाच बाहेर खांबावर चढलेल्या वायरमनचाही जीव अवलंबून असतो.

त्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका वायरच्या दोन्ही टोकांना पिनांचे प्लग असतात. एक टोक जनरेटरमध्ये आणि दुसरे भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचले की घरभर दिवे लागतात, म्हणून अनेक जण हाच मार्ग धरतात. भिंतीतले टोक निसटले, तर त्याच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. याहून मोठा धोका मेन स्विचचा आहे. तो बंद केला आहे असे घरातला प्रत्येक जण समजत असतो; पण तो चालू राहिला असेल, तर जनरेटरची वीज मीटरमधून उलट सर्व्हिस वायरवर (खांबावरून घरात येणाऱ्या तारेवर), तिथून खांबावर आणि पुढे रोहित्रात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. गावातले रोहित्र ११ हजार व्होल्टचा दाब घरगुती वापरापुरता उतरवते. त्यालाच उलट्या बाजूने २३० व्होल्ट मिळाले, तर वरच्या तारांवर सुमारे १० हजार व्होल्टचा दाब तयार होतो.

एवढासा जनरेटर गावाचा भार पेलणारच नाही, तो लगेच बंद पडेल, असे यावर नेहमी सांगितले जाते. तार धड असते तेव्हा बहुधा तसे होतेही. वादळानंतर मात्र ती दोन खांबांपलीकडे तुटलेली असते, तिच्यावर फारसा भार उरलेला नसतो आणि तेवढ्या तुकड्याला जनरेटर खुशाल वीज पुरवत राहतो. वायरमन नेमका तोच तुकडा जोडायला आलेला असतो. काम सुरू करण्यापूर्वी तार डिस्चार्ज रॉडने जमिनीशी जोडण्याची पद्धत आहे आणि ती पाळलीच पाहिजे. पण त्या रॉडच्या भरवशावर आपण निष्काळजी राहावे, याचे समर्थन होऊ शकत नाही.

यावरचा उपाय जुना, साधा आणि खात्रीचा आहे, तो म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याच्या दांड्याच्या तीन जागा असतात: एकीकडे महावितरणची वीज, दुसरीकडे जनरेटर आणि मधोमध शून्य. दांडा एकच असल्यामुळे दोन्ही बाजू एकाच वेळी जोडल्या जाणे यंत्राच्या रचनेतच अशक्य असते. कोणाच्या आठवणीवर काहीही सोपवलेले नसते. घरगुती सिंगल फेज जोडणीसाठी हा स्विच दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्यावा. तो मीटर व मेन स्विचच्या पुढे आणि एमसीबीच्या (जादा भार आला की आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या) बोर्डाआधी बसतो. एरवी घराचा सगळा भार त्यातूनच जात असल्याने त्याची क्षमता जनरेटरच्या नव्हे, तर घराच्या पूर्ण भाराच्या हिशेबाने ठरवावी लागते. जनरेटरची केबल बाहेरच्या भिंतीवरील झाकणाच्या इनलेटमध्ये जोडावी. तिथे पिना भिंतीकडे असतात आणि केबलच्या टोकाला उघडी पिन राहत नाही. हे सारे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि मीटरच्या सीलला कोणीही हात लावू नये.

एक बाब बरेच अनुभवी कारागीरही सोडून देतात. लहान जनरेटरचे न्यूट्रल पुष्कळदा जमिनीशी जोडलेले नसते. दोन पोलच्या स्विचने महावितरणचे न्यूट्रल तोडले की घराला अर्थिंगशी जोडलेले न्यूट्रलच उरत नाही, आणि एखाद्या उपकरणात दोष आला तरी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडेलच असे राहत नाही. तिचे टेस्ट बटण दाबले तर ती पडते, कारण बटणाची चाचणी फेज आणि न्यूट्रल यांच्यातच होते. त्यावरून अर्थिंगची खात्री पटवून घेऊ नये. जनरेटरचे न्यूट्रल आरसीसीबीच्या आधी, जनरेटरच्या बाजूला, एकाच ठिकाणी अर्थशी जोडलेले आहे का, हे ठेकेदाराकडून मोजून घ्यावे. कोकणातल्या जांभ्यात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, म्हणून हे मोजमाप पावसाळ्यातच नव्हे, तर मे महिन्यातही व्हायला हवे.

ज्यांच्या छतावर ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला जोडलेले सौर पॅनेल आहेत, त्यांनी सौर इन्व्हर्टर चेंजओव्हरच्या महावितरणकडील बाजूलाच ठेवावा. नाहीतर तो जनरेटरलाच ग्रिड समजून त्याच्यात वीज ढकलू लागतो.

जनरेटर पावसापासून वाचवण्यासाठी पडवीत किंवा जिन्याखाली आणून ठेवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर, वर छप्पर पण चारही बाजूंनी उघडी जागा हवी. पेट्रोल भरायचे तर यंत्र बंद करून, ते निवल्यावरच भरावे.

दोन केव्हीएचा जनरेटर साधारण १६०० वॉट देतो. फ्रिज चालताना दीड-दोनशे वॉट घेतो, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट. एक अश्वशक्तीच्या पंपाचा सुरुवातीचा झटका तर या जनरेटरला जड जाऊ शकतो. म्हणून दांडा शून्यावर आणून सगळे एमसीबी खाली करावेत, जनरेटर सुरू करून स्थिर होऊ द्यावा, दांडा त्याच्या बाजूला न्यावा आणि मग एकेक एमसीबी वर करावा. वीज परत आल्याचे शेजारच्या घरावरून कळले, की पुन्हा सर्व एमसीबी खाली, दांडा आधी शून्यावर, जनरेटर बंद, आणि त्यानंतरच दांडा महावितरणच्या बाजूला. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून स्विचशेजारी लावावा आणि घरात जनरेटर असल्याची नोंद जवळच्या महावितरण कार्यालयात करून ठेवावी.